जुन्या पेट्रोल इंजिनातील प्रज्वलनकालाची जुळणी : विशेष संदर्भ – प्रीमियर पद्मिनी

गोषवारा

कार्ब्युरेटर आणि कॉन्टॅक्ट पॉइंट असलेल्या जुन्या मोटारगाडीच्या इंजिनात प्लगची ठिणगी नेमकी केव्हा पडावी, हे हाताने ठरवावे लागते. ही जुळणी करण्याच्या दोन पद्धती रूढ होत्या : पुलीवरील खुणेवरून करायची मोजणी आणि इंजिनाच्या आवाजावरून कानाने घेतलेला अंदाज. कानाची पद्धत ज्या इंधनावर विश्वासार्ह ठरली, ते इंधन आता बदलले आहे. प्रीमियर पद्मिनी या मोटारीच्या संदर्भात प्रज्वलनकालामागील तत्त्व, जुळणीचा क्रम आणि बदललेल्या इंधनाचे परिणाम यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : प्रज्वलनकाल, अग्रकोन, नॉकिंग, ऑक्टेन अंक, डिस्ट्रिब्युटर, सी.एन.जी., इथेनॉलमिश्रित पेट्रोल.

१. प्रस्तावना

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने मोटारी तयार होत असत. १९६४ मध्ये तेथे ‘फियाट ११०० डिलाइट’ हे प्रारूप आले. तेच पुढे ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखले गेले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असे समीकरण तीन दशकांहून अधिक काळ टिकले. पद्मिनी प्रकारातील शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीसाठी ठरवलेली वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

टॅक्सी गेली, तरी खासगी मालकीच्या पद्मिनी, तसेच त्याच पिढीतील अँबॅसिडर आणि इतर मोटारी अनेक ठिकाणी जतन केलेल्या आहेत. या सर्वांच्या इंजिनांत प्रज्वलनाची व्यवस्था एकाच प्रकारची आहे. तिच्यात संगणक नाही, संवेदक नाही. ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटरचे कवच हाताने किंचित फिरवून ठरवली जाते. हे काम पिढ्यान्‌पिढ्या मिस्त्रींनी केले आणि त्यांपैकी पुष्कळांनी ते केवळ आवाजावरून केले. हे कौशल्य आता दुर्मीळ होत चालले आहे. त्याचबरोबर त्याचा जो आधार होता, तोही डळमळीत झाला आहे. या दुसऱ्या बाबीकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

२. उद्दिष्टे

१) ठिणगी दट्ट्या वर पोचण्याआधी का पाडावी लागते, हे सोप्या गणिताने स्पष्ट करणे.
२) प्रज्वलनकालाच्या जुळणीचा क्रम व त्यातील प्रत्येक पायरीमागील कारण मांडणे.
३) कानाने टायमिंग लावण्याच्या पद्धतीचा शास्त्रीय आधार व तिच्या मर्यादा तपासणे.
४) बदललेल्या इंधनांच्या संदर्भात योग्य पद्धत कोणती, याचा विचार करणे.

३. ठिणगी आधी का?

पद्मिनीचे इंजिन चार सिलिंडरांचे, चार धावांच्या चक्राचे असून त्याची क्षमता १०८९ घन सेंटिमीटर आहे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर आहे. प्रत्येक सिलिंडरमध्ये मिश्रण आत घेणे, ते दाबणे, ज्वलन व प्रसरण, आणि धूर बाहेर टाकणे अशा चार धावा क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत पूर्ण होतात. दाबण्याच्या धावेच्या शेवटी दट्ट्या ज्या सर्वोच्च स्थानी पोचतो, त्याला कार्यशाळेत ‘टॉप डेड सेंटर’ म्हणतात. येथे त्यासाठी ‘शिरोबिंदू’ हा शब्द वापरला आहे.

वरवर पाहता, दट्ट्या शिरोबिंदूला पोचताच ठिणगी पडावी, असे वाटेल. परंतु पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण एका क्षणात जळत नाही. प्लगपाशी ज्योत लहानशा बिंदूतून सुरू होते आणि तेथून सिलिंडरच्या दुसऱ्या टोकापर्यंत पसरत जाते. या प्रवासाला साधारणतः दोन ते तीन मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात क्रँकशाफ्ट थांबून राहत नाही. सिलिंडरमधील दाब शिरोबिंदूनंतर सुमारे १२ ते १६ अंशांवर सर्वाधिक झाला, तर दट्ट्यावरील बलाचा सर्वाधिक उपयोग होतो. त्यासाठी ठिणगी शिरोबिंदूच्या आधी पाडणे भाग असते. शिरोबिंदूच्या जितके अंश आधी ठिणगी पडते, त्या कोनाला येथे ‘अग्रकोन’ म्हटले आहे. मिस्त्रींच्या भाषेत तो ‘ॲडव्हान्स’ होय.

वेगाचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर एका मिलिसेकंदात क्रँकशाफ्ट ४.८ अंश फिरतो. ३००० फेऱ्यांना तोच कोन १८ अंश आणि ४००० फेऱ्यांना २४ अंश होतो. ज्वलनाला लागणारा काळ जवळपास तेवढाच राहिला, तर वेग वाढताना अग्रकोनही वाढलाच पाहिजे. मात्र तो सरळ प्रमाणात वाढत नाही. वेग वाढला की सिलिंडरमधील हवेची खळबळ वाढते, ज्योत अधिक वेगाने पसरते आणि ज्वलनाचा काळ घटतो. म्हणून अग्रकोनाचा आलेख आरंभी चढतो आणि पुढे सपाट होत जातो.

प्रारंभीच्या मोटारींत हा कोन चालक स्वतः बदलत असे. १९०८ ते १९२७ या काळात तयार झालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीत स्टिअरिंगच्या खांबावर डावीकडे ठिणगीची वेळ बदलणारी दांडी होती. हँडल मारून इंजिन सुरू करताना ती मागे घ्यायला चालक विसरला, तर ठिणगी फार लवकर पडून हँडल उलट फिरे आणि मनगट मोडण्याची वेळ येई. नंतरच्या इंजिनांत हे काम यंत्राकडे सोपवण्यात आले. डिस्ट्रिब्युटरच्या आत बसवलेली लहान वजने वेग वाढताच केंद्रापासून बाहेर सरकतात आणि पॉइंट उघडणाऱ्या कॅमला काही अंश पुढे फिरवतात. काही डिस्ट्रिब्युटरांवर याशिवाय एक पातळ पडदा असतो. कार्ब्युरेटरकडील निर्वातामुळे तो खेचला जातो. ॲक्सिलरेटर थोडाच दाबलेला असताना सिलिंडरमधील मिश्रण विरळ असते व सावकाश जळते, त्या वेळी हा पडदा अग्रकोनात भर घालतो.

या दोन्ही योजना अग्रकोनात केवळ भर घालतात. मूळ कोन मात्र हातानेच लावावा लागतो. तो चुकला, तर पुढील सर्व कोन तेवढ्याच अंशांनी चुकतात.

४. जुळणीपूर्व तपासणी

डिस्ट्रिब्युटरला हात लावण्यापूर्वी व्हॉल्व्हचे अंतर, प्लग, कंडेन्सर आणि मुख्यतः कॉन्टॅक्ट पॉइंट तपासणे आवश्यक आहे. पॉइंट बंद असतात तोपर्यंत कॉइलमध्ये विद्युत्प्रवाह साठत जातो आणि ते उघडताच ठिणगी पडते. पद्मिनीसारख्या चार सिलिंडरांच्या इंजिनात मिनिटाला ३००० फेऱ्यांना सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. म्हणजे प्रत्येक ठिणगीच्या वाट्याला केवळ १० मिलिसेकंद येतात. त्यातील अंदाजे दोन-तृतीयांश काळ पॉइंट बंद राहावे लागतात.

पॉइंट पूर्ण उघडले असताना त्यांच्यातील अंतर सामान्यतः ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा त्या त्या डिस्ट्रिब्युटरच्या माहितीपुस्तिकेतून घ्यावा. हे अंतर फीलर गेजने मोजतात. पॉइंटवर खड्डा आणि समोर उंचवटा तयार झाला असेल, तर फीलर गेज उंचवट्यावर टेकून चुकीचे माप दाखवते. असे पॉइंट बदलणेच इष्ट.

पॉइंटचे अंतर आधी आणि टायमिंग नंतर, हा क्रम उलटता येत नाही. अंतर वाढवले की कॅमचा उंचवटा पॉइंटला लवकर उघडतो आणि ठिणगी लवकर पडते. अंतर कमी केले की ती उशिरा पडते. याउलट, डिस्ट्रिब्युटर फिरवल्याने पॉइंटच्या अंतरात बदल होत नाही. याच कारणाने गाडी वापरात असताना टायमिंग आपोआप मागे जात राहते. पॉइंटचा कॅमवर घासणारा फायबरचा पाय झिजतो, अंतर कमी होते आणि ठिणगीला उशीर होऊ लागतो. कॅमशाफ्टला फिरवणारी साखळी सैल झाली, तरी परिणाम त्याच दिशेने होतो. ‘काहीही केले नाही, तरी गाडीचा पिकअप गेला’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे सापडते.

५. शिरोबिंदूचा शोध

पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून त्या छिद्रावर अंगठा ठेवावा आणि इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हळूहळू फिरवावे. हवा अंगठ्याला बाहेर ढकलू लागली की दाबण्याची धाव सुरू झाली, असे समजावे. त्यानंतर पुलीवरील खाच आणि इंजिनाच्या कवचावरील खूण जुळवावी. काही इंजिनांत ही खूण फ्लायव्हीलवर असते.

अंगठ्याची ही परीक्षा अनाठायी नाही. या इंजिनात ठिणग्यांचा क्रम १-३-४-२ असा असून पहिला व चौथा दट्ट्या एकाच वेळी वर येतात. पहिल्या सिलिंडरमध्ये दाबण्याची धाव संपत असते, तेव्हा चौथ्यात धूर बाहेर टाकण्याची धाव संपत असते. क्रँकशाफ्ट दोन फेऱ्यांत चक्र पूर्ण करत असल्यामुळे पुलीवरील खूण मात्र दोन्ही वेळा सारखीच जुळते. केवळ खुणेवर विसंबून डिस्ट्रिब्युटर बसवला, तर ठिणगी चुकीच्या फेऱ्यात पडते. अशा वेळी इंजिन सुरू होत नाही आणि कार्ब्युरेटरमधून भडका उडण्याचा धोका राहतो. अंगठ्याच्या परीक्षेनंतर डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून रोटर पहिल्या प्लगच्या वायरीसमोर आहे, याचीही खात्री करावी.

पुलीवरील खूण पुसट झाली असेल किंवा पुली बदललेली असेल, तर शिरोबिंदू नव्याने शोधावा लागतो. येथे दट्ट्याकडे पाहून भागत नाही. शिरोबिंदूच्या आधी १० अंशांवर असताना या इंजिनातील दट्ट्या वरच्या टोकापासून सुमारे पाऊण मिलिमीटरच खाली असतो. म्हणजे कोन बराच बदलतो, पण दट्ट्या जवळजवळ हलत नाही. म्हणून प्लगच्या छिद्रात दट्ट्याला थोडे आधीच अडवणारा अडसर बसवतात. इंजिन हाताने एका दिशेने अडेपर्यंत हळुवार फिरवून पुलीवर एक खूण करतात, मग उलट दिशेने अडेपर्यंत फिरवून दुसरी करतात. या दोन खुणांचा मध्य म्हणजे शिरोबिंदू. अडसर काढल्याशिवाय स्टार्टरला मात्र हात लावू नये.

तेथून पुढील अंशांच्या खुणा साध्या भागाकाराने करता येतात. पुलीचा व्यास १४० मिलिमीटर धरला, तर तिचा परीघ सुमारे ४४० मिलिमीटर होतो. त्यास ३६० ने भागले असता एक अंश म्हणजे परिघावरील सुमारे सव्वा मिलिमीटर, आणि १० अंश म्हणजे १२.२ मिलिमीटर.

६. जुळणीच्या दोन पायऱ्या

६.१ स्थिर जुळणी : इंजिन बंद ठेवून माहितीपुस्तिकेत दिलेल्या अग्रकोनावर पुलीची खूण आणावी. खूण ओलांडली गेली, तर इंजिन बरेच मागे नेऊन पुन्हा पुढच्या दिशेनेच खुणेवर यावे. साखळी व दात्यांमधील सैलपणा त्यामुळे एकाच बाजूला राहतो. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी असलेला नट किंचित सैल करावा. कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरकडे येणारी बारीक वायर ज्या टोकाला जोडली आहे, ते टोक आणि इंजिनाचा धातू यांच्यामध्ये १२ व्होल्टचा लहान दिवा जोडून चावी चालू करावी. पॉइंट बंद असेपर्यंत दिवा पेटत नाही आणि ते उघडताच पेटतो. डिस्ट्रिब्युटरचे कवच हळूहळू फिरवून दिवा नेमका पेटतो त्या स्थानी नट आवळावा. कवच रोटरच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने फिरवल्यास टायमिंग पुढे जाते आणि त्याच दिशेने फिरवल्यास मागे येते.

या कामात हात किती हलका लागतो, याची कल्पना एका आकड्यावरून येईल. डिस्ट्रिब्युटर क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे त्याचा अर्धा अंश म्हणजे क्रँकशाफ्टचा एक अंश. कवचाचा व्यास ६० मिलिमीटर धरला, तर क्रँकशाफ्टच्या एका अंशासाठी कवचाची कडा केवळ पाव मिलिमीटर सरकवावी लागते. नट आवळताना कवच नकळत हलते. म्हणून आवळल्यानंतर दिव्याची परीक्षा पुन्हा घेतली पाहिजे.

६.२ चालत्या इंजिनावरील पडताळणी : स्थिर जुळणी इंजिन सुरू होण्यास आणि चालण्यास पुरेशी असते, पण वजनांची यंत्रणा नीट काम करते की नाही, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी पहिल्या प्लगच्या वायरीवर जोडायचा टायमिंग लाइट वापरतात. ठिणगी पडते त्याच क्षणी हा दिवा चमकतो आणि त्याच्या प्रकाशात फिरती खूण स्थिर भासते. इंजिन गरम झाल्यावर, निर्वाताची नळी काढून तिचे तोंड बंद करून, प्रथम मंद वेगाला खूण पाहावी आणि मग वेग हळूहळू वाढवावा. अग्रकोन सलग वाढत जाऊन एका मर्यादेवर थांबला, तर वजने व स्प्रिंगा ठीक आहेत. खूण जागची हललीच नाही, तर वजने गंजून अडकली असण्याची शक्यता असते. खूण थरथरत मागेपुढे उडत असेल, तर डिस्ट्रिब्युटरचा दांडा किंवा त्याचे बुश झिजले आहे. अशा डिस्ट्रिब्युटरवर कितीही काळजीपूर्वक लावलेले टायमिंग टिकत नाही.

फिरता पंखा आणि पट्टा यांच्याजवळ हे काम चालते. टायमिंग लाइटच्या प्रकाशात पंखाही थांबल्यासारखा दिसू शकतो. सैल बाह्या आणि लोंबत्या वायरी यांपासून त्या वेळी विशेष सावध राहावे.

७. कानाची परीक्षा आणि तिचा आधार

टायमिंग लाइट सर्वत्र उपलब्ध नसे. अनुभवी मिस्त्री गाडी रस्त्यावर नेऊन वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबत असत. इंजिनातून क्षणभर हलकी खडखड ऐकू येऊन वेग वाढताच ती थांबली, तर टायमिंग योग्य. खडखड चालूच राहिली, तर टायमिंग थोडे मागे घ्यायचे. अजिबात आली नाही, तर थोडे पुढे. खंडाळ्याचा घाट भरल्या गाडीने चढताना ही परीक्षा आपोआपच होई.

ही पद्धत अडाणीपणाची नव्हती. ज्योत सिलिंडरच्या एका बाजूने पसरत असताना दुसऱ्या बाजूचे न जळलेले मिश्रण दाबले जाते व तापते. त्याचे तापमान मर्यादेपलीकडे गेले, तर ज्योत पोचण्यापूर्वीच ते एकाएकी स्वतः पेटते. त्यातून निर्माण होणाऱ्या दाबलहरी सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात. हेच नॉकिंग होय. या लहरींची वारंवारिता सिलिंडरच्या व्यासावर अवलंबून असते. ६८ मिलिमीटर व्यासासाठी ती सेकंदाला सुमारे आठ हजार कंपने इतकी येते. मानवी कानाला ती ऐकू येते. टायमिंग जितके पुढे, तितका शेवटच्या मिश्रणावरील दाब अधिक आणि नॉकिंगचा संभव अधिक. नॉकिंग दीर्घकाळ चालू राहिले, तर दट्ट्याच्या कडा आणि हेड गॅस्केट यांना इजा होते. आधुनिक इंजिनावरील नॉक संवेदक हीच कंपने टिपतो आणि संगणक त्यानुसार ठिणगी मागे घेतो. मिस्त्रीचा कान आणि हा संवेदक एकाच लहरी ऐकतात.

परंतु संवेदकाच्या मागे असलेल्या संगणकाजवळ आणखी एक गोष्ट असते. प्रत्येक वेगाला व भाराला सर्वोत्तम अग्रकोन कोणता, याची प्रयोगशाळेत मोजून केलेली सारणी त्यात साठवलेली असते. नॉकिंग झाले नाही, तरी संगणक त्या सारणीच्या पलीकडे ठिणगी मनमानी पुढे नेत नाही. कानाच्या परीक्षेत अशी दुसरी मर्यादा नाही. ‘खडखड येईपर्यंत पुढे आणि मग किंचित मागे’ हा नियम एका गृहीतकावर उभा आहे : सर्वोत्तम कोन येण्याच्या आधी, किंवा निदान त्याच्या जवळपास, नॉकिंग सुरू होते. १९९० च्या दशकात साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक ८७ च्या आसपास होता, तोवर हे गृहीतक व्यवहारात बहुधा खरे ठरत असे.

८. इंधन बदलले

ऑक्टेन अंक म्हणजे नॉकिंगला विरोध करण्याची इंधनाची क्षमता. १९२१ मध्ये अमेरिकेत शिशाच्या एका संयुगाचा नॉकिंगविरोधी गुणधर्म सापडला आणि पुढे जगभर पेट्रोलमध्ये शिसे मिसळले जाऊ लागले. आरोग्यावरील परिणामांमुळे भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले. पुढे साध्या पेट्रोलचा किमान ऑक्टेन अंक ९१ झाला. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर आले आणि २०२५ मध्ये देशाने २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य गाठले. या पेट्रोलचा ऑक्टेन अंक ९५ आहे.

मधल्या काळात मुंबईच्या टॅक्सींनी आणखी एक इंधन पाहिले. शहरातील हवेच्या प्रदूषणाबाबत मुंबई उच्च न्यायालयात चाललेल्या जनहित याचिकेनंतर, २००० च्या दशकाच्या आरंभी, जुन्या टॅक्सी मोठ्या संख्येने सी.एन.जी.वर आणल्या गेल्या. या वायूचा मुख्य घटक मिथेन आहे. त्याचा ऑक्टेन अंक १२० च्या आसपास किंवा त्याहून अधिक मानला जातो, पण त्याची ज्योत पेट्रोलच्या ज्योतीपेक्षा सावकाश पसरते. पेट्रोलसाठी लावलेले टायमिंग सी.एन.जी.साठी मागे पडते. ज्वलन लांबते, धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह तापतात आणि आधीच कमी झालेली शक्ती आणखी घटते. सी.एन.जी.साठी टायमिंग काही अंश पुढे घ्यावे, तर तीच गाडी पेट्रोलवर चालवताना नॉकिंगचा धोका वाढतो. दोन्ही इंधनांवर धावणाऱ्या गाडीतील एकच यांत्रिक डिस्ट्रिब्युटर हा पेच सोडवू शकत नाही. त्यासाठी इंधनानुसार अग्रकोन बदलणारी इलेक्ट्रॉनिक साधने निघाली, अन्यथा तडजोडीचा कोन स्वीकारावा लागला.

सी.एन.जी.च्या या अनुभवातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, योग्य अग्रकोन हा केवळ इंजिनाचा गुणधर्म नाही. तो इंजिन आणि इंधन या जोडीचा गुणधर्म आहे. दुसरी, सी.एन.जी.वर मिस्त्रीच्या कानाला खडखड ऐकू येतच नाही, म्हणून टायमिंग योग्य आहे असे म्हणता येत नाही.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक सूक्ष्म रूपात येतो. पद्मिनीच्या पिढीतील इंजिनांत मिश्रण आजच्या इंजिनांपेक्षा बरेच कमी दाबले जाते. त्यात ९५ ऑक्टेनचे इंधन वापरल्यास सर्वोत्तम कोन ओलांडून गेल्यावरही नॉकिंग न होण्याची शक्यता असते. जुन्या नियमानुसार खडखडीची वाट पाहत टायमिंग पुढे घेत गेल्यास दट्ट्या अजून वर येत असतानाच दाब वाढू लागतो. इंजिन स्वतःच्याच दाबाविरुद्ध काम करते, शक्ती घटते, बेअरिंगांवरील भार व तापमान वाढते, आणि गरम इंजिन सुरू करताना स्टार्टर अडखळतो. हे सर्व आवाज न करता घडते.

टायमिंग कोणत्या दिशेने बदलावे, याचे उत्तर केवळ तर्काने देता येत नाही. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, तर इथेनॉलला ९ पट पुरते. ठरावीक जेट असलेला जुना कार्ब्युरेटर इंधनातील हा फरक ओळखत नाही, त्यामुळे २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलवर मिश्रण विरळ होते. विरळ मिश्रण सावकाश जळते, म्हणून अधिक अग्रकोन हवा. पण इथेनॉलची ज्योत योग्य मिश्रणात पेट्रोलपेक्षा काहीशी जलद पसरते, म्हणून कमी अग्रकोन पुरावा. या दोन परिणामांची बेरीज प्रत्येक गाडीत कार्ब्युरेटरच्या स्थितीवर अवलंबून राहते. म्हणून आधी जेट व मिश्रण तपासणे आणि मग टायमिंग प्रत्यक्ष मोजणे, हाच मार्ग उरतो.

९. मोजणीची सोपी पद्धत

अभियांत्रिकीत सर्वोत्तम अग्रकोनाची व्याख्या अशी केली जाते : ज्या सर्वांत कमी अग्रकोनाला इंजिन त्या वेगाला व भाराला आपले सर्वाधिक परिबल देते, तो कोन. ‘सर्वांत कमी’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. सर्वोत्तम कोनाच्या आसपास परिबलाचा आलेख जवळपास सपाट असतो. तेथे एक-दोन अंशांचा फरक चालकाला जाणवणार नाही, पण जसजसे त्यापासून दूर जावे, तसतसे नुकसान वेगाने वाढते. सपाट भागात पुढच्या टोकाला राहण्यापेक्षा मागच्या टोकाला राहिल्यास शक्ती तेवढीच मिळते आणि इंजिनावरील ताण कमी राहतो.

परिबल मोजण्याचे यंत्र नसले, तरी ही व्याख्या वापरता येते. माहितीपुस्तिकेतील कोन टायमिंग लाइटने लावून आरंभ करावा. मोकळ्या, सपाट आणि सुरक्षित रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ताशी ४० ते ६० किलोमीटर हा वेग गाठण्यास लागणारा वेळ मोजावा. चाचणी त्याच रस्त्यावर दोन्ही दिशांनी करून सरासरी घ्यावी. त्यानंतर टायमिंग दोन-दोन अंशांनी बदलून हीच मोजणी पुन्हा करावी. टायमिंग पुढे घेतल्याने वेळ कमी होणे जेथे थांबते, तेथे थांबावे. कोणत्याही पायरीवर सलग नॉकिंग आढळल्यास पुढे न जाता टायमिंग मागे घ्यावे. म्हणजे कान येथेही लागतोच. मात्र तो धोक्याची मर्यादा सांगतो. योग्य कोन घड्याळ सांगते.

पी.यू.सी. प्रमाणपत्रावरून टायमिंगचा निर्णय घेणे मात्र चुकीचे ठरेल. जुन्या पेट्रोल मोटारींच्या तपासणीत मंद वेगावरील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. टायमिंग मागे घेतले की धूर अधिक गरम होऊन बाहेर पडतो आणि त्यातील हायड्रोकार्बनचा काही भाग वाटेतच जळतो. त्यामुळे मागे पडलेल्या टायमिंगची, अधिक पेट्रोल पिणारी गाडीही तपासणीत सहज उत्तीर्ण होऊ शकते. याउलट, फार पुढे घेतलेल्या टायमिंगने वाढणारी नायट्रोजनची ऑक्साइडे या तपासणीत मोजलीच जात नाहीत.

१०. निष्कर्ष

१) अग्रकोन हा मुळात ज्वलनाला लागणाऱ्या काळाचा कोनात केलेला अनुवाद आहे. तो काळ बदलणारी प्रत्येक गोष्ट, म्हणजे वेग, भार, मिश्रण आणि इंधन, योग्य कोनही बदलते.
२) पॉइंटचे अंतर, शिरोबिंदूची खातरजमा, स्थिर जुळणी, टायमिंग लाइटने पडताळणी आणि शेवटी रस्त्यावरील चाचणी, हा क्रम प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचा पाया असल्यामुळे मोडता येत नाही.
३) माहितीपुस्तिकेतील आकडा त्या काळच्या इंधनासाठी दिलेला आहे. आज तो आरंभबिंदू मानावा.
४) कानाने टायमिंग लावण्याच्या पद्धतीला शास्त्रीय आधार होता, पण तो कमी ऑक्टेनच्या पेट्रोलशी बांधलेला होता. अधिक ऑक्टेनच्या इंधनावर इंजिनाचे मौन हा योग्य टायमिंगचा पुरावा ठरत नाही.
५) तंत्रनिकेतने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांच्या कार्यशाळांत जुने इंजिन उपलब्ध असल्यास टायमिंग लाइट, घड्याळ आणि दोन वेगळी इंधने यांच्या साहाय्याने हा प्रयोग अल्प खर्चात करता येईल. संगणकाच्या सारणीत दडलेले तत्त्व विद्यार्थ्याला त्यातून स्वतःच्या हाताने तपासता येईल.

मिस्त्रीची जाण वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातून आली होती आणि तिच्या काळात ती अचूक होती. ज्या परिस्थितीत ती घडली, ती परिस्थिती बदलल्यावर त्या जाणीमागील कारण समजून घेतले, तरच ती पुढे उपयोगी पडेल. पाव मिलिमीटरने सरकणारे डिस्ट्रिब्युटरचे कवच हे त्याचे एक लहानसे, पण स्पष्ट उदाहरण आहे.